काम जिथे होते तिथे मोजा: पुराजीवशास्त्राच्या महाविद्यालयीन शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य
मा. कुलगुरू, राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठे
मा. संचालक, उच्च शिक्षण, पुणे
मा. प्राचार्य व व्यवस्थापन मंडळे, भूशास्त्र विभाग असलेली सर्व महाविद्यालये

विषय: पुराजीवशास्त्राचे अध्यापन, नमुनासंग्रह, क्षेत्रकार्य आणि अभ्यासक्रम समन्वयकाचे काम यांविषयीच्या मागण्या

महोदय / महोदया,

राज्यातल्या पदवी आणि पदव्युत्तर महाविद्यालयांत पुराजीवशास्त्र शिकवणारे, तसेच भूशास्त्राच्या अभ्यासक्रमांचे समन्वयक म्हणून काम पाहणारे आम्ही शिक्षक संघटनेच्या वतीने हे मागणीपत्र सादर करीत आहोत. मागण्या सात आहेत, पण त्यांच्या मुळाशी गोष्ट एकच आहे. आमच्या कामाचा मोठा भाग वेळापत्रकाच्या चौकटीबाहेर होतो: नमुन्यांच्या खोलीत, खाणीच्या तोंडाशी, नदीच्या काठावर आणि समन्वयकाच्या टेबलावर. तो होतो म्हणूनच वर्गातले शिकवणे उभे राहते. पण ज्या नोंदींवरून पदे मंजूर होतात, कार्यभार ठरतो आणि निधी मिळतो, त्या नोंदींत हे काम नाही. जे मोजले जात नाही त्याला पद मिळत नाही, पैसा मिळत नाही आणि शेवटी ते करणारा माणूसही मिळत नाही. आमचा विषय आज या तिसऱ्या पायरीवर येऊन ठेपला आहे.

विषय महाराष्ट्राचाच

पुराजीवशास्त्र म्हणजे परदेशी संग्रहालयांतल्या सांगाड्यांचा विषय, असा समज मंजुरीच्या बैठकांतही आढळतो. म्हणून थोडा इतिहास मांडतो.

नागपुरात राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूर आणि वर्धा खोऱ्याच्या परिसरातून जीवाश्म जमवले. त्यांच्या संग्रहातील वनस्पतींवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१मध्ये निबंध लिहिला. याच परिसरातील मांगलीच्या थरांत सापडलेल्या उभयचराच्या कवटीचे ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ हे नाव रिचर्ड ओवेन यांनी दिले. त्याआधी, १८४७मध्ये, याच ओवेन यांनी मुंबईच्या वरळीत लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन केले होते. वरळीचे ते थर आता बहुतेक वस्तीखाली गेले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा नांगराबरोबर वर येते. या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचे वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉम्बर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी २००५मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. डायनासोरांच्या काळी गवत नव्हते, ही तोवरची समजूत त्यामुळे बदलावी लागली. त्याच जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीवर मिळालेल्या दीर्घमानी डायनासोराचे वर्णन १९९७मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २००३पासून तो ‘आयसिसॉरस’ या नावाने ओळखला जातो. गडचिरोलीतील सिरोंचा परिसरात ज्युरासिक काळाचे कोटा थर आहेत आणि वडधमचे जीवाश्म उद्यान आहे. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या गाळातून मिळालेल्या प्राचीन हत्तीची नोंद पिलग्रिम यांनी १९०५मध्ये केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये पुढे अशा प्लाइस्टोसीन प्राण्यांच्या अभ्यासाची परंपरा उभी राहिली.

उपयोगाचा प्रश्न विचारला जातो, तर त्याचेही उत्तर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक निवडण्यासाठी संघ लोकसेवा आयोग जी परीक्षा घेतो, तिच्या मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात पुराजीवशास्त्र हा स्वतंत्र घटक आहे. तेलाच्या विहिरीतून वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात फोरामिनिफेरा हे सूक्ष्म जीवाश्म पाहून थराचे वय ठरवणे हे तेल उद्योगाचे नेहमीचे काम आहे, आणि मुंबई हायचे क्षेत्र आपल्याच किनाऱ्यासमोर आहे. वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या गोंडवन थरांत आहे, ते ओळखायला ग्लॉसोप्टेरिसची पाने आजही कामी येतात. खडक आपले, थर आपले, नोकऱ्याही आहेत. उणीव आहे ती हे शिकवणारी माणसे टिकवण्याची.

मागणी १: प्रत्येक भूशास्त्र विभागात पुराजीवशास्त्राचा एक पूर्णवेळ शिक्षक

महाविद्यालयांतले भूशास्त्र विभाग लहान असतात. दोन-तीन मंजूर पदांत खनिजशास्त्रापासून भूजलापर्यंत सगळे विषय सांभाळायचे असतात. पुराजीवशास्त्राचा शिक्षक निवृत्त झाला की पदभरतीला मान्यता मिळेपर्यंत वर्षे जातात. मान्यता मिळाली तरी जाहिरातीत फक्त ‘भूशास्त्र’ एवढेच लिहिलेले असते. नेट परीक्षेचा विषय पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा एकत्र आहे. त्यामुळे पात्र ठरलेल्या उमेदवाराने पदव्युत्तर अभ्यासानंतर एकही जीवाश्म हाताळलेला नसेल, असे होऊ शकते. त्या उमेदवाराला दोष देण्याचे कारण नाही. अग्निजन्य खडकांचा अभ्यास केलेल्या माणसाला ट्रायगोनियाच्या शिंपेतली बिजागरी शिकवायला लावणे त्याच्यावरही अन्यायाचे आहे आणि विद्यार्थ्यांवरही.

आमची मागणी अशी:

(क) भूशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम असलेल्या प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात किमान एक पद पुराजीवशास्त्र व स्तरविज्ञान या विशेषीकरणासाठी निश्चित करावे.

(ख) ते रिक्त झाल्यास जाहिरातीत विशेषीकरणाचा स्पष्ट उल्लेख असावा आणि निवड समितीत त्या विषयाचा एक तज्ज्ञ असावा.

(ग) निवृत्ती वयोमानानुसार ठरलेली असते, तिची तारीख आधीपासून माहीत असते. म्हणून भरतीची प्रक्रिया निवृत्तीपूर्वी एक वर्ष सुरू करावी, म्हणजे जाणाऱ्या शिक्षकाला येणाऱ्याच्या हाती संग्रह सोपवता येईल.

तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांचा प्रश्न याच मागणीत येतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला व्याख्यानाच्या तासापेक्षा कमी मानधन हा नियम आमच्या विषयाच्या बाबतीत उलटा बसतो, कारण आमचे खरे शिकवणे प्रात्यक्षिकातच होते. या विषयापुरते दोन्ही तासांचे मानधन समान करावे, क्षेत्रकार्याचे दिवस मानधनास पात्र धरावेत आणि मानधन दरमहा मिळावे.

मागणी २: क्षेत्रकार्य हे अध्यापनच आहे, ते कार्यभारात धरावे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकासाठी १४ तास प्रत्यक्ष अध्यापन ठरलेले आहे. हे तास वेळापत्रकावरून मोजले जातात. कच्छच्या आठ-दहा दिवसांच्या दौऱ्यात शिक्षक पहाटेपासून रात्रीच्या वह्या तपासून होईपर्यंत शिकवत असतो. परतल्यावर मात्र महाविद्यालयातली बुडालेली व्याख्याने भरून काढायला त्याला सांगितले जाते. म्हणजे ज्या दिवसांत त्याने सर्वांत जास्त शिकवले, तेच दिवस नोंदीत गैरहजेरीसारखे दिसतात.

जीवाश्माचे छायाचित्र किंवा त्रिमितीय प्रतिकृती दाखवून काम भागत नाही का, असे विचारले जाते. ओळख पटवण्यापुरते भागते. पण कपाटातल्या शिंपेला ती थरात कशी पडली होती हे सांगता येत नाही. दोन्ही झडपा मिटलेल्या असतील तर प्राणी मेल्यावर फारसा हलला नसावा. झडपा सुट्या, झिजलेल्या आणि एकाच बाजूने पालथ्या पडलेल्या असतील तर प्रवाहाने त्या वाहून आणल्या असण्याची शक्यता मोठी. कच्छच्या धोसा ऊलाइट थरात अमोनाइट दाटीने का सापडतात, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडतो तो थरासमोर उभे राहिल्यावर. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तर याची गरज अधिक, कारण त्याच्या पायाखाली लाव्हाचा काळा पाषाण आहे, आणि जीवाश्म मिळतात ते लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात.

जागेवर जाण्याची गरज संशोधनालाही टळलेली नाही. भीमबेटकाच्या गुहेत ‘डिकिन्सोनिया’ हा अतिप्राचीन जीव सापडल्याचे २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे दुसऱ्या गटाने त्याच जागी जाऊन पाहिले, तेव्हा तो खडकाला चिकटलेल्या मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचा ठसा निघाला. २०२३मध्ये तसे छापून आले आणि मूळ लेखकांनीही ते मान्य केले. छायाचित्रावर विसंबून हा वाद मिटला नसता. विद्यार्थ्याला ही शिस्त शिकवायची तर त्याला जागेवर न्यावेच लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीत राज्य शासनाने २०२३मध्ये ठरवलेल्या श्रेयांक रचनेत क्षेत्र प्रकल्प आणि कार्य-प्रशिक्षण यांना श्रेयांक दिले आहेत. याचे आम्ही स्वागत करतो. मात्र विद्यार्थ्याला ज्या कामाचे श्रेयांक मिळतात, ते काम करून घेणाऱ्या शिक्षकाच्या खात्यावर ते तास नसावेत, ही विसंगती आहे.

आमची मागणी अशी:

(क) क्षेत्रकार्याचा प्रत्येक दिवस सहा तासांचे प्रात्यक्षिक अध्यापन म्हणून शिक्षकाच्या कार्यभारात धरावा.

(ख) दौऱ्याचा काळ कर्तव्यकाळ मानावा. त्यासाठी शिक्षकाला स्वतःची रजा खर्च करावी लागू नये.

(ग) पदवीच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक स्थानिक आणि एक परप्रांतातील क्षेत्रदौरा अनिवार्य असावा, आणि त्याचा खर्च सहलीसारखा ऐच्छिक न मानता प्रयोगशाळेच्या खर्चासारखा मानावा.

मागणी ३: दौऱ्याचा निधी, विमा आणि विद्यार्थिनींची सोय

आज दौऱ्याचा खर्च बहुतांशी विद्यार्थ्यांच्या खिशातून होतो. ज्याच्या घरून पैसे येत नाहीत तो ‘तब्येत बरी नाही’ असे सांगून मागे राहतो आणि पुढे त्याच दौऱ्यावरच्या प्रश्नांची उत्तरे मित्राच्या वहीतून लिहितो. असे विद्यार्थी कोण आहेत हे आम्हांला माहीत असते. त्यांना नेण्यासाठी आम्ही आपसांत पैसे जमवतो. ही सवय झाली आहे, पण ती व्यवस्था होऊ शकत नाही.

दौऱ्यात आमची जबाबदारी चोवीस तासांची असते. खाणीच्या सुट्या कड्याखाली विद्यार्थी उभे असतात. कोळसा खाणीत जायचे तर व्यवस्थापनाची परवानगी, शिरस्त्राणे आणि सुरक्षा सूचना लागतात. वनक्षेत्रात वनखात्याचे पत्र लागते. काही अपघात झाला तर पहिला प्रश्न शिक्षकाला विचारला जातो, आणि त्याच्या हाती मंजुरीच्या अर्जाखेरीज दुसरे काही नसते. भूशास्त्राला मुलींची संख्या वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सोबत महिला शिक्षक किंवा कर्मचारी नाही या कारणाने एखाद्या मुलीचा दौरा रद्द व्हावा, हे या राज्याला शोभत नाही.

म्हणून: (क) प्रत्येक भूशास्त्र विभागाला वार्षिक क्षेत्रकार्य निधी मिळावा, आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांचा खर्च त्यातून पूर्ण भागवला जावा. (ख) विद्यार्थी व शिक्षक या दोघांचा गट अपघात विमा विद्यापीठाने उतरवावा. (ग) मिश्र गटासोबत महिला शिक्षक किंवा कर्मचारी पाठवणे ही महाविद्यालयाची जबाबदारी ठरावी, विभागाची अडचण नव्हे. (घ) शिरस्त्राणे, डोळ्यांचे संरक्षक चष्मे व प्रथमोपचार पेटी यांची खरेदी विभागाच्या नियमित अंदाजपत्रकात असावी. (ङ) वन, महसूल आणि खनिकर्म खात्यांच्या परवानग्यांसाठी विद्यापीठाने दरवर्षी एकत्रित पत्रव्यवहार करावा. आज प्रत्येक विभाग तेच पत्र वेगवेगळ्या टेबलांवर घेऊन फिरतो.

मागणी ४: नमुनासंग्रहाला संग्रहाचा दर्जा

महाविद्यालयातले जीवाश्म आज डेडस्टॉक रजिस्टरमध्ये असतात, त्याच पानावर जिथे स्टुले, पंखे आणि लोखंडी कपाटे आहेत. त्यांची किंमत खरेदीच्या वेळी होती ती, म्हणजे काही रुपये. शिक्षकाने स्वतः दौऱ्यातून आणलेल्या नमुन्याला तर किंमतच नसते, म्हणून तो रजिस्टरमध्येही नसतो. वार्षिक तपासणीत मोडके स्टूल निर्लेखित करतात त्याच ठरावात ‘फुटके दगड’ही जाऊ शकतात. विभाग एका इमारतीतून दुसरीत हलवताना ट्रे पालथे होतात, चिठ्ठ्या गळतात, आणि ग्लॉसोप्टेरिसचे पान कुठल्या खाणीतले ते सांगणारे कोणी उरत नाही.

चिठ्ठी गेली की जीवाश्माचे निम्म्याहून अधिक मोल जाते. कोणत्या गावी, कोणत्या थरातून, कोणी आणि केव्हा उचलला, ही माहिती नसलेला नमुना दाखवायला बरा, पुराव्याला निरुपयोगी. या शिस्तीचा अभाव किती महाग पडतो हे देशाने पाहिलेले आहे. पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता यांनी हिमालयातून सापडल्याचे सांगितलेले अनेक जीवाश्म प्रत्यक्षात परदेशांतले असल्याचा आरोप ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९मध्ये ‘नेचर’मध्ये केला, आणि हिमालयाच्या भूविज्ञानावरच्या कित्येक निबंधांवर प्रश्नचिन्ह लागले.

दुसरे उदाहरण भरून निघालेल्या नुकसानीचे आहे. जबलपूरला १८२८मध्ये स्लीमन यांना डायनासोराची हाडे मिळाली. त्यांतल्या मणक्यांवरून लिडेकर यांनी १८७७मध्ये ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. मूळ मणका पुढे हरवला असे सगळे धरून चालले होते. तो २०१२मध्ये कोलकात्याच्या सरकारी संग्रहातच धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांना सापडला. म्हणजे तो तिथेच होता, शोधणारा आणि नोंदी वाचणारा माणूस तिथे पोचायला काळ लागला. इतक्या मोठ्या संस्थेत असे घडते, तर एक खोली आणि अर्धा परिचर असलेल्या आमच्या विभागांचे काय, याचा विचार व्हावा.

आमची मागणी अशी:

(क) जीवाश्म, खडक आणि खनिजे यांची डेडस्टॉकपासून वेगळी नमुना नोंदवही असावी. तिच्यात क्रमांक, ठिकाण, थर, संग्राहक आणि तारीख हे रकाने अनिवार्य असावेत.

(ख) विषयतज्ज्ञाच्या लेखी अभिप्रायाशिवाय कोणताही नमुना निर्लेखित करू नये.

(ग) प्रत्येक विभागात प्रशिक्षित प्रयोगशाळा सहायकाचे एक पद भरावे आणि त्याच्या कर्तव्यसूचीत संग्रहाची देखभाल लिहिलेली असावी.

(घ) भूशास्त्र विभाग बंद होत असेल किंवा शिक्षक निवृत्त होत असेल, तर संग्रह जवळच्या विद्यापीठ विभागाकडे वा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेसारख्या पुराजीवशास्त्राची परंपरा असलेल्या संस्थेकडे, त्या संस्थेच्या संमतीने, यादीसह सोपवण्याची कार्यपद्धती ठरवावी.

(ङ) संग्रहाच्या नोंदणीचे काम करणाऱ्या शिक्षकाला आठवड्याला दोन तासांची सूट मिळावी.

मागणी ५: प्रयोगशाळेतील सुरक्षा

या मागणीवर चर्चेची गरज नाही, फक्त अंमलबजावणीची आहे. गारगोटीत जतन झालेल्या वनस्पतींचा पातळ पापुद्रा (पील) काढण्यासाठी आणि खडकातून परागकण मोकळे करण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावे लागते. ते काच विरघळवते. त्वचेवर पडले तर सुरुवातीला आग कमी जाणवू शकते, पण इजा आत हाडापर्यंत पोचू शकते. चालता धूरकक्ष, योग्य हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसलेल्या प्रयोगशाळेत हे प्रयोग करायला शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला सांगू नये. सुविधा मिळेपर्यंत अभ्यासक्रमातले हे प्रयोग विद्यापीठाच्या मध्यवर्ती प्रयोगशाळेत गटागटाने घेण्याची सोय व्हावी. खडकाचे काप घासणाऱ्या खोलीत धूळ शोषणारी यंत्रणा असावी, कारण सिलिकाची धूळ फुप्फुसांत जाते ती परिचराच्याही.

मागणी ६: अभ्यासक्रम समन्वयकाला वेळ, अधिकार आणि मदतनीस

समन्वयक हे पद कागदावर मानाचे दिसते. काम मात्र असे असते: वेळापत्रक बसवणे, अभ्यास मंडळाच्या बैठका, श्रेयांकांच्या नोंदी, कार्य-प्रशिक्षणासाठी खाणी आणि कंपन्यांशी पत्रव्यवहार, अंतर्गत गुण पोर्टलवर चढवणे, नॅकची कागदपत्रे, अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाची माहिती, प्रवेशाचे समुपदेशन, आणि पालकाच्या फोनला उत्तर, ‘सर, याला नोकरी काय मिळते?’ अनेक ठिकाणी पदव्युत्तर अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालतो आणि तो चालवण्याची जबाबदारी अनुदानित विभागातल्या त्याच दोन शिक्षकांवर पडते. विनियमांतील पदोन्नतीच्या मूल्यमापनात समन्वयकपद जमेची बाब म्हणून नोंदवता येते. अध्यापनाचे तास मात्र त्यामुळे एकानेही कमी होत नाहीत.

याचा परिणाम विषयावर होतो. जो शिक्षक समन्वयक होतो त्याचे सूक्ष्मदर्शक आधी बंद पडते. गाळ धुऊन, चाळून, बारीक कुंचल्याने एकेक फोरामिनिफेरा उचलण्याचे काम सलग वेळ मागते, आणि दोन बैठकांमधल्या वीस मिनिटांत ते होत नाही. लहान विभागात समन्वयक आणि पुराजीवशास्त्राचा शिक्षक ही बहुधा एकच व्यक्ती असते. त्यामुळे व्यवस्थापनाचा भार वाढला की संशोधन थांबते, आणि संशोधन थांबले की पदोन्नतीही.

आणखी एक अडचण अधिकाराची. निकाल घसरला तर उत्तर समन्वयकाने द्यायचे. पण तासिका शिक्षक कोण नेमायचा, भिंग केव्हा घ्यायचे, दौऱ्याची तारीख कोणती, यांपैकी कशावरही त्याचा शब्द अखेरचा नसतो.

आमची मागणी अशी:

(क) समन्वयकाला आठवड्याला चार तासांची अध्यापन सूट मिळावी आणि तेवढा कार्यभार नव्या नेमणुकीसाठी ग्राह्य धरावा, सहकाऱ्याच्या डोक्यावर टाकू नये.

(ख) विनाअनुदानित अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला त्याच अभ्यासक्रमाच्या शुल्कातून ठरावीक मासिक भत्ता मिळावा.

(ग) पदाची मुदत तीन वर्षांची असावी. फेरनेमणूक संमतीनेच व्हावी.

(घ) मंजूर अंदाजपत्रकाच्या मर्यादेत खरेदी, दौरे आणि तासिका शिक्षकांची शिफारस यांबाबतचा अधिकार लेखी स्वरूपात मिळावा.

(ङ) विज्ञान शाखेच्या सर्व समन्वयकांसाठी मिळून किमान एक कार्यालयीन सहायक असावा.

मागणी ७: अभ्यासक्रमातले स्थान, मराठी साहित्य आणि स्थळांचे रक्षण

श्रेयांकांची फेरमांडणी करताना पुराजीवशास्त्र आणि स्तरविज्ञान एकाच पत्रिकेत कोंबण्याचा मोह होतो. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास धरले तर दोन श्रेयांकांत ३० तास मिळतात. त्यांत ट्रायलोबाइटपासून हत्तीच्या दातांपर्यंत सगळे उरकायचे, आणि वर भारताचे स्तरविज्ञान. पदवी स्तरावर पुराजीवशास्त्राला प्रात्यक्षिकासह किमान चार स्वतंत्र श्रेयांक असावेत. प्रात्यक्षिक परीक्षा खऱ्या नमुन्यांवर व्हावी, पडद्यावरच्या चित्रांवर नव्हे.

मराठीत या विषयाचा पाया घातलेला आहे. प्रा. क. वा. केळकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठी विश्वकोशासाठी भूविज्ञानाच्या नोंदी लिहिल्या. त्या पायावर महाराष्ट्रातील उदाहरणे घेऊन लिहिलेली प्रात्यक्षिक पुस्तिका आज हवी आहे. वरोऱ्याच्या किंवा अहेरीच्या विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातले जीवाश्म आपल्या भाषेत ओळखावेत, यात अवघड काही नाही. विद्यापीठांनी लेखन आणि चित्रांचा खर्च द्यावा. मजकूर आम्ही देऊ.

केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळे व भूअवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२मध्ये प्रसिद्ध केला. कायदा होईपर्यंत थांबण्याची मात्र गरज नाही. रस्ता, तलाव किंवा खाण यांच्या खोदकामात हाडे किंवा अश्मीभूत लाकूड दिसले, तर तहसीलदाराने कोणाला कळवायचे हे आज ठरलेले नाही. जिल्हाधिकारी कार्यालयांनी जवळच्या महाविद्यालयाचा भूशास्त्र विभाग प्राथमिक पाहणीसाठी नियुक्त करावा. ज्या शेतकऱ्याच्या शेतात जीवाश्म निघतात त्याच्या मालकीला धक्का न लावता, त्याचा सन्मान होईल अशी नोंदपद्धती असावी. माहिती दिली की जमीन जाईल, अशी भीती असेल तर माहिती कोणीच देणार नाही.

‘विद्यार्थी कुठे आहेत?’

आमच्या मागण्यांवर हा आक्षेप येणार, म्हणून त्याचे उत्तर इथेच देतो. काही विभागांत प्रवेश कमी आहेत, हे खरे आहे. पण जिथे शिक्षकाची जागा रिकामी, दौरा ऐच्छिक, संग्रह कुलपात आणि समन्वयक पोर्टलसमोर, तिथे विद्यार्थी येईल कशासाठी? कमी प्रवेश हे कारण दाखवून पद अडवायचे आणि पद अडल्यामुळे प्रवेश आणखी घटले की तेच पुन्हा कारण म्हणून दाखवायचे, या चक्रातून विषय कधीच बाहेर पडणार नाही. पदे भरल्यावर पाच वर्षे संधी द्यावी आणि मग मूल्यमापन करावे. ते मूल्यमापन आम्हांला मान्य असेल.

खर्चाबाबत: मागणी १, ३, ५ आणि ६ यांना निधी लागेल. मागणी २ आणि ४ यांचा मोठा भाग केवळ नियमांत व नोंदवह्यांत बदल करून पुरा होतो. मागणी ७साठी मुख्यतः निर्णय हवा आहे.

आमची हमी

मागण्यांबरोबर आम्हीही बांधून घेतो. नमुना नोंदवही मंजूर झाल्यापासून दोन शैक्षणिक वर्षांत आमच्या सदस्यांच्या विभागांतले संग्रह यादीबद्ध करून त्या याद्या विद्यापीठाकडे देऊ. प्रत्येक क्षेत्रदौऱ्याचा अहवाल ठिकाणे, थर आणि गोळा केलेले नमुने यांच्यासह सादर करू. संरक्षित स्थळांवरून नमुने उचलणार नाही आणि विद्यार्थ्यांना उचलू देणार नाही. जिल्हा प्रशासनाने पाहणीसाठी बोलावले तर मानधनाची अट न घालता जाऊ. मराठी पुस्तिकेचा कच्चा मसुदा, खर्चाची मंजुरी मिळाल्यापासून एका वर्षात देऊ.

वेळापत्रक

मागणी २(क), २(ख), ४(क), ४(ख) आणि ५ यांचे आदेश येत्या शैक्षणिक सत्रापूर्वी निघावेत. उरलेल्या मागण्यांसाठी उच्च शिक्षण संचालनालय, विद्यापीठे आणि आमची संघटना यांची संयुक्त समिती नेमावी, तिने सहा महिन्यांत अहवाल द्यावा, आणि तिच्या बैठकांचे इतिवृत्त आम्हांला मिळावे. या पत्राला तीस दिवसांत लेखी उत्तर आणि चर्चेसाठी वेळ मिळावी, ही विनंती. उत्तर न आल्यास आमचे सदस्य अध्यापन, प्रात्यक्षिके आणि परीक्षा नेहमीप्रमाणे घेतील, कारण विद्यार्थ्यांना वेठीस धरणे आम्हांला मान्य नाही. मात्र समन्वयकपदाच्या नव्या नेमणुका, वर उल्लेखलेली सूट लेखी मिळेपर्यंत, ते स्वीकारणार नाहीत.

कळावे.

आपले विश्वासू,
अध्यक्ष आणि कार्यवाह,
कार्यकारिणीच्या वतीने

सोबत: मागण्यांचा एकपानी गोषवारा, नमुना नोंदवहीचा प्रस्तावित तक्ता, क्षेत्रदौऱ्यासाठी सुरक्षा सूचनांचा मसुदा